हेल्मोनीतची ओळख : नेगेवच्या डोंगराळ भागातल्या प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार

इस्रायलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातल्या डोंगराळ भागात, मित्झ्पे रामोन गावाच्या पश्चिमेला, शरदात एक पिवळं फूल उघड्या जमिनीतून थेट वर येतं. पान नसतं, दांडा दिसत नाही, आसपास हिरवं म्हणून काही नसतं. त्याची नेमकी जात ठरवायची आणि ती कशावरून ठरवली हे मराठीत लिहून काढायचं, हे या प्रकल्पाचं काम.

काम आलं ते नेगेवमधल्याच दिमोना गावाहून. तिथल्या बेने इस्रायल (म्हणजे कोकणातून आलेल्या मराठीभाषक ज्यू) ज्येष्ठांची सहल नोव्हेंबरात त्या डोंगरावर जाणार आहे. त्यातल्या एका मावशींनी फोन केला. जन्म रेवदंड्याजवळचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर इथे आलेल्या. म्हणाल्या, "पोरी, तू झाडांचं शिकतेस ना? मग आम्हाला आपल्या भाषेत एक कागद करून दे. पोरं हिब्रू वाचतात, आम्हाला मराठी बरं पडतं." फुलाचं नाव त्यांना माहीतच आहे: हेल्मोनीत. इथे ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण हेल्मोनीत म्हणजे स्टर्नबर्गिया ही अख्खी प्रजाती झाली. तिच्या दोन जाती या देशात रानात उगवतात, तिसरी बागांतून लावलेली असते, आणि केशराच्या व कोल्चिकमच्या कुळांतली फुलंही दुरून अगदी तशीच भासतात. त्यामुळे "हेल्मोनीत आहे" एवढ्यावर कागद संपवायचा नाही.

कामाचे नियम आधीच ठरवून टाकले. फूल खुडायचं नाही, कांदा उकरायचा नाही. हे फूल इथे कायद्याने संरक्षित आहे. शिवाय स्टर्नबर्गियाची संपूर्ण प्रजाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या रानजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण तुर्कस्तानच्या डोंगरांवरून या कुळातले कांदे वर्षानुवर्षं पोत्यांनी उपसून युरोपातल्या बागांसाठी विकले गेले. म्हणून जागेचे निर्देशांकही या वहीत लिहिणार नाही. हत्यारं: पंधरा सेंटिमीटरची पट्टी, दहापट भिंग, दंतवैद्याकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा, फोनचा कॅमेरा.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुक्कोत या ज्यूंच्या शरदातल्या सणाची सुट्टी. लॅबमधल्या सहकाऱ्याच्या गाडीने बोरोत लोत्झकडे जाणाऱ्या रस्त्याने वर गेलो. ही जागा साधारण नऊशे मीटर उंचीवर आहे. पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या प्राचीन टाक्यांवरून तिला नाव पडलं. चुनखडीचा खडक, त्याच्या भेगांतून साठलेली बारीक पिवळसर माती, मधूनच अटलांटिक पिस्त्याचं एखादं जुनं झाड. वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास आणि तोही हिवाळ्यात. गेल्या वसंतापासून इथे पाण्याचा थेंब पडलेला नाही.

हेल्मोनीत अजून नाही. हात्सावचे पांढरे तुरे मात्र संपत आलेले दिसले. हा आपल्या रानकांद्याचा सख्खा भाऊ. दोघंही ड्रिमिया प्रजातीतले. साताऱ्याकडे माणच्या माळावर रानकांदा ऐन उन्हाळ्यात, पान नसताना फुलतो आणि पाने पावसाबरोबर येतात. हात्साव इथला कडक उन्हाळा संपता संपता, पान नसताना फुलतो आणि पाने हिवाळ्यातल्या पावसाबरोबर येतात. दोन देशांचे पावसाळे उलट, पण रीत एकच: फुलायचं ते मागच्या हंगामात कांद्यात साठवलेल्या शिदोरीवर, पाने काढायची ती पाणी मिळाल्यावर. कोकणातला भुईचाफाही तसाच, आधी फूल आणि मग पान.

ही रीत ओळखीच्या कामात फार अडचणीची आहे. वनस्पती ओळखायच्या बहुतेक किल्ल्या (एकेक खूण क्रमाने तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते) फूल आणि पान दोन्ही एकाच वेळी समोर आहेत असं धरून चालतात. इथे दोघांची गाठच पडत नाही. म्हणून हा प्रकल्प नोव्हेंबरात संपणार नाही, वसंतापर्यंत चालवावा लागेल. सहलीसाठीचा कागद त्याआधी द्यायचा आहे, तेव्हा त्यात "बहुधा" हा शब्द राहील.

२३ ऑक्टोबर, रविवार

टेबलावरचं काम. डोंगरावर गेल्यावर काय पाहायचं याची यादी मनाशी पक्की हवी, म्हणून उमेदवार एकेक करून तपासले.

पहिला संशयित क्रोकस, म्हणजे केशराची प्रजाती. घरी आईला जुना फोटो पाठवला तेव्हा तिचाही पहिला प्रश्न "केशर का?" असाच होता. केशराचं फूल जांभळं असतं, पण क्रोकसमध्ये पिवळ्या जातीही आहेत. या डोंगरावर शरदात फुलणारा दमास्कसचा क्रोकस फिका जांभळट असतो. क्रोकसची खूण रंगात शोधायची नाही, पुंकेसर मोजायचे: क्रोकसला तीन, स्टर्नबर्गियाला सहा. एवढी एक मोजणी केली की अर्धा प्रश्न सुटतो.

दुसरा कोल्चिकम. त्यालाही सहाच पुंकेसर, त्यामुळे मोजणी इथे कामाची नाही. इथले शरदातले कोल्चिकम गुलाबी-पांढरे असतात. पिवळा कोल्चिकम आहे, पण तो मध्य आशियापासून काश्मीरपर्यंतच्या डोंगरांवर, बर्फ वितळताना वसंतात फुलतो. युनानी औषधांच्या दुकानात सुरंजान म्हणून जे विकतात त्यात त्याचे कंद असतात. नेगेवमध्ये तो नाही. तरी केवळ "इथे नसतो" म्हणून एखादं नाव खोडणं मला पटत नाही, खूण फुलातच दिसायला हवी. ती आहे: कोल्चिकमला कुक्षीवृंत (फुलाच्या मधोमध उभे असणारे स्त्रीकेसराचे दोरे) तीन असतात आणि ते बुडापासून वेगळे, तर स्टर्नबर्गियाला एकच.

पुस्तकांतल्या किल्ल्यांमध्ये सगळ्यात आधी येते ती खूण म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या वर आहे की खाली. कागदावर ती निर्णायक आहे. पण या तिन्ही फुलांचा अंडाशय फुलण्याच्या वेळी जमिनीखाली असतो. जमिनीवर दिसतात त्या पाकळ्या आणि नळीचा थोडासा भाग. म्हणजे पहिलीच खूण पाहायला खणावं लागेल, आणि खणायचं तर नाही. कांदा आणि घनकंद हा फरकही तसाच मातीखाली दडलेला: स्टर्नबर्गियाचा कांदा पापुद्र्यांचा, बाकी दोघांचा कंद आतून भरीव. उरलं काय, तर पुंकेसर आणि कुक्षीवृंत. दोन्ही वरून दिसतात आणि त्यावर काम भागतं.

तिसरा उमेदवार भारतातल्या वाचकांसाठी लिहून ठेवते. पुण्या-मुंबईच्या कुंड्यांमध्ये पावसाच्या सरीनंतर जी पिवळी लिली उमलते ती झेफिरँथस. ती अमेरिका खंडातून आलेली, पण कूळ तेच, सहा पुंकेसरही तेच. तिचं फूल मात्र चांगल्या लांब दांड्यावर असतं आणि गवतासारखी पाने सोबत असतात.

आता स्टर्नबर्गियातल्या जाती. एकूण जाती थोड्याच, दहाच्या आतबाहेर; त्यात एक पांढरी, काही वसंतात फुलणाऱ्या. आपल्या कामाच्या तीन:

लुटिया: बागांमध्ये हीच सगळ्यात जास्त. लिनिअसने १७५३ मध्ये तिला अमॅरिलिस म्हणून नोंदवलं होतं. पाने फुलाबरोबरच येतात, चकचकीत हिरवी. फूल दिसण्याजोग्या दांड्यावर.

क्लुसियाना: इथली हेल्मोनीत ग्दोला, म्हणजे मोठी. फूल जमिनीला टेकलेलं, पाकळ्या साडेतीन ते साडेसात सेंटिमीटर लांब आणि रुंद. पाने नंतर येतात, राखट हिरवी, आठ ते सोळा मिलिमीटर रुंद. तुर्कस्तानपासून इराणपर्यंत आणि दक्षिणेला या नेगेवपर्यंत पसरलेली. कार्लुस क्लुसियस (१५२६–१६०९) याच्या नावाची. लायडनच्या वनस्पती उद्यानाची जबाबदारी त्याच्याकडे होती, आणि इस्तंबूलकडून येणारे कांदे युरोपात लावून त्यांची वर्णनं लिहिणाऱ्यांत तो अग्रणी होता.

कोल्चिसिफ्लोरा: हेल्मोनीत झइरा, छोटी. पाकळ्या दोन ते साडेतीन सेंटिमीटर, अरुंद, क्वचितच बारा मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या. पाने नंतर, अगदी बारीक, पाच मिलिमीटरच्या आत. वाल्डस्टाइन आणि किटाइबेल यांनी १८०४ मध्ये स्टर्नबर्गिया ही प्रजाती मांडली ती हंगेरीतल्या याच छोट्या जातीवरून, आणि नाव दिलं ते बोहेमियातला वनस्पतिशास्त्रज्ञ काउंट कास्पर स्टर्नबर्ग याचं.

मोबाईलवरच्या ओळखीच्या अ‍ॅपला फोटो दाखवला की ते बहुतेक वेळा लुटिया सांगतं. कारण उघड आहे. जगात सगळ्यात जास्त फोटो काढले जातात ते बागेतल्या लुटियाचेच, आणि वरून काढलेल्या फोटोत पान आणि दांडा यांचा पत्ता नसतो.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

फुललं आहे.

पहाटे निघालो आणि ऊन वर येण्याआधी पोचलो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर, खडकाच्या भेगांशी, हळदीच्या रंगाचे पेले मातीतून वर आलेले. पाऊस अजून नाही. पावसाची वाट हे फूल पाहत नाही. कळी उन्हाळ्यात कांद्याच्या आतच तयार होते, आणि रात्री गार होऊ लागल्या की वर सरकते.

सकाळी पाकळ्या मिटलेल्या होत्या. ऊन अंगावर आल्यावर तासाभरात त्या उघडल्या, पण ताटासारख्या पसरल्या नाहीत. पेल्याचा आकार टिकला. तोवर मी पोटावर पालथी पडून एकाच फुलाशी बसले. त्याची नोंद सविस्तर करते.

पाकळ्या सहा, बाहेरच्या तीन आतल्या तिघींपेक्षा किंचित रुंद. सगळ्यात मोठी ५.६ सेंटिमीटर लांब आणि २.२ रुंद, टोक बोथट. पिवळा रंग एकसारखा; बुडाशी हिरवट झाक. बाहेरून भिंगातून पाहिलं तर लांबीच्या दिशेने बारीक शिरा. पाकळ्या खाली जुळून नळी होते, ती जमिनीवर जेमतेम सेंटिमीटरभर दिसते आणि मग मातीत जाते. नळीच्या बाजूने एक पातळ, कागदासारखी पांढुरकी पिशवी वर आलेली. कळीचं हे आवरण, याच्या आतूनच फूल वर सरकलं. माती नखानेही हलवली नाही.

मग आरसा आत धरला. पुंकेसर सहा. क्रोकस बाद. सहा एकाच उंचीचे नाहीत: तीन उंच, तीन बुटके, एक सोडून एक. परागकोश पिवळे, अजून सगळे फुटलेले नव्हते. मधोमध एकच कुक्षीवृंत, पुंकेसरांच्या वर डोकं काढून, टोकाशी बारीकशी गाठ. ती तिहेरी आहे की नुसती गोल, हे भिंगातूनही नीट ठरेना, पण बुडापासून तीन वेगळे धागे नाहीत हे स्वच्छ दिसलं. कोल्चिकमही बाद. पाने नाहीत, पानांची टोकंही नाहीत. लुटिया बाद.

एक मधमाशी त्याच फुलात उतरली आणि अंगभर पराग माखून बराच वेळ आतच राहिली. अंडाशय जमिनीखाली असल्याने त्या परागाच्या नळीला कुक्षीवृंतातून बरंच खोल उतरावं लागतं, तेव्हा कुठे बीजधारणा होते. मग फळ मातीतच सुरक्षित वाढतं. वर येतं ते वसंतात, म्हणजे हिवाळाभर चरणाऱ्या तोंडांपासून दूर. फूल जमिनीशी एवढं चिकटून का असतं, याचं एक उत्तर मला इथे दिसतं.

या उतारावर मोजलेल्या फुलांच्या पाकळ्या ४.४ ते ६.१ सेंटिमीटर लांब, १.६ ते २.५ रुंद. छोट्या जातीच्या हद्दीबाहेर. म्हणजे क्लुसियाना.

दुपारी ओढा ओलांडून समोरच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर गेले आणि प्रश्न पुन्हा उघडला. तिथे फुलं विरळ आणि लहान. एका भेगेत तीन फुलं (ही जागा "क"), पाकळ्या ३.४, ३.५, ३.६ सेंटिमीटर, रुंदी १.१ ते १.३. थोड्या वर एकच फूल (जागा "ख"), ३.२ लांब, जेमतेम १ रुंद. ही मापं दोन्ही जातींच्या सीमेवर येतात. कोरड्या, तापणाऱ्या उतारावरचा कांदा अशक्त असेल तर मोठ्या जातीचं फूलही लहान येऊ शकतं. किंवा ही खरोखरच छोटी जात असेल. फुलाकडे पाहून याहून पुढे जाता येत नाही. पाने सांगतील.

अडचण अशी की पाने येतील तेव्हा फुलाचा मागमूस नसेल. फोनच्या जीपीएसची चूक काही मीटरची, आणि एवढ्या जागेत दहा कांदे असू शकतात. म्हणून प्रत्येक जागेचे तीन फोटो घेतले: एक वरून पट्टीसह, एक बाजूने जमिनीच्या पातळीवरून, आणि एक दोन पावलं मागे सरकून, खडकातली भेग आणि तिच्या कडा स्पष्ट येतील असा. खडक हलत नाही. भेगेच्या वळणापासून फुलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून वहीत टिपलं. खुणेसाठी दगड रचले नाहीत. रचलेले दगड दिसले की लोक थांबतात आणि काय आहे ते उकरून पाहतात.

६ नोव्हेंबर, रविवार

परवाच्या फोटोंमधून पुंकेसरांची पुन्हा मोजणी. सगळीकडे सहा.

१० नोव्हेंबर, गुरुवार

जेरुसलेम, हिब्रू विद्यापीठाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, गिव्हात राम परिसर. परवानगी आधी घेतली होती.

वाळवलेल्या नमुन्यांत पिवळा रंग उरत नाही, पाकळ्या पारदर्शक तपकिरी होतात. पण जे शिकायला गेले ते मिळालं. एकाच जातीच्या कागदांचे दोन ढीग पडतात: शरदातले, ज्यांवर फूल आहे आणि पान नाही, आणि हिवाळा-वसंतातले, ज्यांवर पाने आहेत, कधी फळही आहे, फूल नाही. दोन्ही एकाच कांद्याची आहेत हे जोडून ठेवणारं काही असेल तर तो गोळा करणाऱ्याने पुन्हा त्याच जागी जाऊन घेतलेला दुसरा नमुना. इथे खूप वर्षं काम केलेल्या नाओमी फाइनब्रुन-दोथान (१९००–१९९५) यांनी या भागाच्या वनस्पतिकोशाचा एकदलिकितांचा खंड लिहिला, तो १९८६ मध्ये आला. क्रोकस आणि कोल्चिकम हे त्यांच्या खास अभ्यासाचे विषय. शरदात फुलणारे, पान उशिरा काढणारे हे सगळे कंद एकमेकांपासून वेगळे करायचं त्यांचं काम पाहिलं की माझ्या दोन उतारांच्या प्रश्नाला किती चिकाटी लागणार ते कळतं.

पानांची मापं उतरवून घेतली. मोठ्या जातीची पाने छोटीच्या दुप्पट-तिप्पट रुंद. वाळल्यावर थोडी आक्रसली तरी गल्लत होण्याजोगी नाहीत.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

दिमोनाची सहल. शबात, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो; त्याच्या आत घरी पोचायचं म्हणून बस लवकर आली. मी पायवाटेच्या कडेला उभी राहून आपला कागद वाचून दाखवला आणि मग सगळे उत्तरेच्या उताराजवळ गेले. कागदातला मुख्य भाग इथे उतरवते:

"हे फूल मोठ्या हेल्मोनीतचं. कांद्याच्या आत उन्हाळाभर तयार झालेली कळी गारठा पडला की वर येते. आत डोकावून पाहा: सहा पुंकेसर, तीन उंच आणि तीन बुटके; मधे एक दोरा. केशराच्या फुलात पुंकेसर तीनच असतात. पाने पाऊस पडल्यावर येतील. नागदवणा आणि कुंडीतली पिवळी लिली ज्या कुळातल्या त्याच कुळातलं हे. पलीकडच्या उतारावर लहान फुलं आहेत, ती बहुधा याच जातीची. खात्री पाने पाहून होईल."

एका काकांनी विचारलं, "कांदा खातात काय हा?" खात नाहीत; या कुळातल्या कांद्यांत लायकोरिन हे विष असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. मावशी खाली बसल्या, फुलाला हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही इथे आलो तेव्हा लोक जुड्या बांधून न्यायचे. मग शाळेत पोरांना शिकवलं, तोडायचं नाही म्हणून, आणि पोरांनी आम्हाला शिकवलं." त्या सांगत होत्या ती १९६० च्या दशकात सुरू झालेली रानफुलं वाचवण्याची मोहीम. भित्तिपत्रकं आणि शाळा यांतून ती घरोघर पोचली. मला वाटतं, इस्रायलमधल्या निसर्ग संरक्षणाचं सगळ्यात यशस्वी काम तेच असावं. एका पिढीत सवय बदलली. कासच्या पठाराला कुंपण घालावं की नाही यावर आपल्याकडे जो वाद झाला तेव्हा हे उदाहरण समोर असायला हवं होतं असं मला फार वाटतं.

मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली ती कामाची: दक्षिणेकडचा उतार दर वर्षी आधी फुलतो आणि फुलं तिथे नेहमीच बारकी असतात. बऱ्याच वर्षांचं पाहणं आहे, नोंद महत्त्वाची. बारकेपणा जागेमुळे आहे या बाजूला हे झुकतं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

संपलं. पाकळ्या कोमेजून जमिनीवर चिकटलेल्या, काही ठिकाणी नुसता पिवळट डाग. "क" आणि "ख" फोटोंवरून लगेच सापडल्या, पद्धत चालते.

"क" च्या खालच्या बाजूला साळिंदराने ताजं उकरलेलं. इथलं साळिंदर आणि सह्याद्रीतलं साळिंदर एकाच जातीचं, हिस्ट्रिक्स इंडिका. आमच्या स्दे बोकेरच्या संस्थेत यित्झ्हाक गुटरमन यांनी या खड्ड्यांवर बरंच काम केलं: कंद खाण्यासाठी उकरलेल्या खड्ड्यात पाणी आणि बिया साठतात, आणि उघड्या उतारापेक्षा तिथे रोपं जास्त उगवतात. खड्ड्यात कांद्याच्या तपकिरी पापुद्र्यांचे तुकडे होते. न खणता हाती लागलेला पुरावा म्हणून उचलायचा मोह झाला, पण तो कांदा कुणाचा हे सांगणारं फूल किंवा पान शेजारी नव्हतं. फोटो काढला, ओळखीच्या पुराव्यात धरला नाही.

२३ डिसेंबर, शुक्रवार

पाऊस होऊन गेला. जमिनीवर हिरवी लव. "क" पाशी मातीतून तीन ठिकाणी पानांची टोकं, बोथट, एकमेकांना चिकटलेली. माप घेण्याएवढी नाहीत. "ख" रिकामी.

२७ जानेवारी २०२३, शुक्रवार

पाने पुरती वर आली आहेत.

उतारावर आता सगळीकडे पानंच पानं, त्यामुळे आधी कोणतं पान कोणाचं ते वेगळं करावं लागलं. हात्सावची पाने मोठी, जाड, गडद हिरवी; त्यांत गोंधळ नाही. रानट्यूलिपचं खालचं पान रुंद आणि कडेने नागमोडी. खरा गोंधळ होतो तो नेगेवच्या पँक्रॅशियमशी. कूळ एकच, रंगही राखट, आणि त्याची पाने जमिनीवर गोल गोल वळत जातात. हेल्मोनीतचं पानही थोडा पीळ घेतं. फरक असा की पँक्रॅशियमचं पान स्प्रिंगसारखी पूर्ण वेटोळी घेतं, हेल्मोनीतचं पान पट्टीसारखं सपाट असतं आणि टोकाकडे एखादंच वळण घेतं.

उत्तरेचा उतार: पाने पाच ते सात एका कांद्याला, रुंदी ११ ते १४ मिलिमीटर, राखट हिरवी, टोक गोलसर. क्लुसियाना, शंका नाही.

"क": खडकाच्या भेगेपासूनचं अंतर मोजून तिन्ही कांदे नोव्हेंबरातल्या फुलांशी जुळवले. दोघांच्या पानांलगत वाळलेल्या फुलाचं कागदी आवरण अजून चिकटलेलं होतं, म्हणजे जोडी पक्की. रुंदी ८, ९ आणि ९ मिलिमीटर. छोट्या जातीच्या पानापेक्षा जवळपास दुप्पट, रंग राखट. लहान फुलं, पण जात मोठीच. मावशींचं पाहणं आणि पट्टी एका ठिकाणी आली.

"ख": अजूनही काही नाही. कांदा मेला, साळिंदराने नेला, की यंदा पाने उशिरा येणार, यातलं काहीच जमिनीवर दिसत नाही.

२४ मार्च २०२३, शुक्रवार

फळं. पानांच्या मधोमध, जमिनीच्या पातळीवर, बोराएवढी हिरवी बोंडं मातीतून वर आलेली. नोव्हेंबरात जमिनीखाली असलेला अंडाशय तो हाच. बोंडाच्या शेंड्यावर पाकळ्यांच्या नळीचा वाळलेला तुकडा उरला आहे. म्हणजे पाकळ्या अंडाशयाच्या वरून निघाल्या होत्या. ऑक्टोबरात जी खूण खणल्याशिवाय पाहता येणार नाही म्हणून बाजूला ठेवली होती ती पाच महिने थांबल्यावर आपोआप वर आली. किल्लीतली ही जागाही आता भरली.

पानांची टोकं पिवळी पडू लागली आहेत. पुढच्या महिन्यात उतार पुन्हा मोकळा होईल.

मावशींना सुधारलेला कागद पाठवला. "बहुधा" काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं: "दोन्ही उतारांवर मोठी हेल्मोनीत. दक्षिणेकडच्या उतारावर फुलं लहान, ३.४ ते ३.६ सेंटिमीटर, पाने ८ ते ९ मिलिमीटर रुंद. वरच्या बाजूच्या एका फुलाची जात ठरलेली नाही." पँक्रॅशियमच्या पानाचं आणि हेल्मोनीतच्या पानाचं चित्र शेजारी शेजारी काढून जोडलं, कारण हिवाळ्यात येणाऱ्यांना फूल दिसणार नाही, पान दिसेल.

"ख" ची पाने शेवटपर्यंत आली नाहीत. नोंद "स्टर्नबर्गिया, जात अनिश्चित" अशी ठेवली आहे. फोटो, भेगेपासूनचं अंतर आणि मापं वहीच्या शेवटच्या पानाला जोडली. पुढच्या ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिणेच्या उतारापासून सुरुवात करायची, कारण तो आधी फुलतो.